फक्त पूर्ण लेख

हुबळी
रविवार, ११ फेब्रुवारी २००७

प्रिय माया,

तू मागितलेली यादी तयार झाली. या पत्राच्या मागे टाचली आहे, टाचणी इतक्यात काढू नकोस. अकरा लेख आहेत. प्रत्येकाचं शीर्षक, महिना आणि साल लिहिलं आहे, आणि अकराही तुझी आई जाण्याच्या आधी छापलेले आहेत. डॉ. मुळगुंद यांना तिच्या आजाराची माहिती असायला हवी होती, हे ग्राहक मंचापुढं दाखवायला वकिलांना जे लागतं ते त्यात आहे. सुनावणी सव्वीसला आहे, म्हणून उद्या सकाळी स्पीड पोस्टनं टाकतो. आज संध्याकाळी तुझा फोन येईल तेव्हा यादी झाली एवढंच सांगेन. तू विचारशील, अप्पा, आवाज असा का येतोय, आणि मी नेहमीसारखं लाइन खराब आहे म्हणेन. म्हणून फोनच्या आधीच लिहायला बसलो आहे. यादी वकिलांकडं देण्यापूर्वी पत्र पूर्ण वाच.

घरचं बरं आहे. नळाला आठ दिवसांनी पाणी येतं, एकट्याला पुरतं. शेजारच्या कमळाबाई रोज दोन भाकरी आणि भाजी पाठवतात, आणि डबा परत गेला की भिंतीपलीकडून ओरडतात, 'अण्णा, आज पण भाजी तशीच आली की! माझ्या हाताला चव नाही म्हणून सरळ सांगा!' मग दुसऱ्या दिवशी मी भाजी संपवतो. गेल्या महिन्यात कलघटगीहून दगडूमामा येऊन गेला. आईला आवडतात म्हणून दर वर्षी आणायचा तसं यंदाही सवयीनं भुईमुगाच्या शेंगांचं पोतं घेऊन आला. दारात पोतं टेकवल्यावर त्याच्या लक्षात आलं. मी चहा केला, तो पिऊन दुपारच्या बसनं गेला. पोतं मी कमळाबाईंना देऊन टाकलं. आई त्याच्याच शेतात शेंगा तोडायला गेली होती, हे तोही विसरलेला नाही. त्याचा काही दोष नाही, पण तो आता माझ्याकडं बघून बोलत नाही.

स्वयंपाकघरातले डबे आईनं ठेवले तसेच आहेत, नंबरांसकट. त्या नंबरांची गोष्ट तुला अर्धीच माहीत असेल. मी मेडिकल कॉलेजच्या लायब्ररीत शिपाई म्हणून लागलो तेव्हा दहावी पास होतो. पुस्तकं झटकायची, मांडायची, डॉक्टरांच्या टेबलावर न्यायची, एवढंच काम. ग्रंथालयाचा सर्टिफिकेट कोर्स करा म्हणून आई हट्टाला पेटली. स्वतः शाळेत शिकवून, घरचं करून मला रोज संध्याकाळी अभ्यासाला बसवायची. वर्गीकरणाचे क्रमांक मला पाठ होत नव्हते, तेव्हा तिनं डब्यांवर चिठ्ठ्या चिकटवल्या. तूरडाळीला एक क्रमांक, साखरेला एक, रव्याला एक. मी पास झालो, असिस्टंट झालो, चिठ्ठ्या तशाच राहिल्या. आणि असा शिकलेला मी, फळीवर पुढं डबा दिसला नाही की बाहेर येऊन सांगायचो, साखर संपली. आई हात पुसत आत जायची, पुढचा डबा बाजूला करायची आणि मागचा काढून माझ्या हातात ठेवायची. 'लायब्ररीत पण असंच शोधता का हो? डॉक्टर लोक काय म्हणत असतील!' तू तेव्हा सहा-सात वर्षांची असशील. तूही तिच्याबरोबर हसायचीस.

लायब्ररीत मी असं शोधत नाही, हा माझा समज होता. तिथं नव्वद साली शोध म्हणजे जाड सूचीग्रंथ. विषयाच्या नावाखाली बोट फिरवत जायचं, लेखाचा पत्ता कागदावर उतरवायचा, तो अंक आपल्याकडं आहे का बघायचं, नसला तर मद्रासला नाही तर मुंबईला पत्र टाकायचं. लेख हातात यायला दीड महिना. डॉक्टरांना हे करायला वेळ कुठला, म्हणून मी चिठ्ठीची पद्धत सुरू केली. चिठ्ठीचे दोन भाग, मधे टोचलेली रेघ. डॉक्टर दोन्ही भागांवर प्रश्न लिहून वॉर्डातून पाठवतात. मी शोधून दोन्ही भागांवर उत्तर लिहितो, एक भाग डॉक्टरांच्या फायलीत परत जातो, दुसरा माझ्या टेबलावरच्या तारेला. काही सापडलं नाही तर 'निल'चा शिक्का. चिठ्ठीवर रोग्याचं नाव लिहायचं नाही, हा नियमही मीच केला. चिठ्ठ्या चार जणांच्या हातून फिरतात, कुणाच्या आजाराची चर्चा कॅन्टीनमध्ये व्हायला नको असं मला वाटलं. सगळ्यांना ते पटलं होतं.

पाच वर्षांपूर्वी ऑनलाइन लायब्ररी आली. तीन कॉम्प्युटर आले, जगातली मासिकं त्यात. दोन महिन्यांत मी ते शिकलो. दर वर्षी नव्या पीजी विद्यार्थ्यांना त्यात कसं शोधायचं ते मीच दोन तास शिकवतो, हे तुला माहीत आहे. म्हणून तर वकिलांना तू अभिमानानं म्हणालीस की हे काम आमच्या अप्पांना सांगा. मी त्या पोरांना सांगतो की प्रश्न जसाच्या तसा टाइप करू नका, त्याचे दोन-तीन तुकडे पाडा. प्रत्येक तुकड्याला डॉक्टर आणखी कोणत्या नावानं ओळखत असतील ते कागदावर लिहून काढा. लायब्ररीनं त्या विषयाला दिलेलं तिचं स्वतःचं नाव शोधा आणि त्या नावानं परत विचारा. एक चांगला लेख सापडला की त्याच्या शेवटची यादी वाचा, तिथून पुढचे सापडतात. वर्ष, भाषा, देश अशी चाळणी सगळ्यात शेवटी लावा, आधी लावली तर काय गळून गेलं ते कळत नाही. पोरं लिहून घेतात. मला ते आवडायचं. कन्नडमधून सांगतो, मधे इंग्रजी शब्द येतात, कुणी हसत नाही.

पण एक गोष्ट मी त्यांना कधी सांगितली नाही, कारण ती माझ्याच लक्षातून गेली होती. आपल्या कॉलेजची वर्गणी सगळ्या मासिकांची नाही. बऱ्याच लेखांचं नुसतं शीर्षक आणि चार ओळींचा सारांश दिसतो, पूर्ण लेख उघडत नाही. दोन हजार तीन साली सर्जरीचे एक मोठे सर अशाच एका लेखावर अडले आणि सगळ्यांसमोर माझ्यावर ओरडले, 'लग्नाची पत्रिका दाखवता आणि जेवण नाही म्हणता? मग पत्रिका कशाला दाखवता हो!' विद्यार्थी हसले. मी मान खाली घातली. त्याच दिवशी तिन्ही कॉम्प्युटरवर मी एका चौकटीत टिक करून ठेवली: 'फक्त पूर्ण लेख'. ती तशीच राहील अशी सोयही केली. म्हणजे जे उघडणार नाही ते दिसणारच नाही. त्यानंतर तक्रार आली नाही. सरांनी स्वतः शाबासकी दिली. मी घरी येऊन आईला सांगितलं, तिनं शिरा केला होता.

आता आईच्या आजारपणाचं थोडं लिहितो, तू बेंगळूरहून शेवटच्या दोन दिवसांतच पोचलीस. दसऱ्याच्या सुट्टीत ती मामाकडं गेली, चार दिवस शेंगा तोडल्या, बांधावरच्या झुडपांत बसून जेवली. परत आल्यावर आठवड्यानं ताप. सतरा ऑक्टोबरला, सोमवारी, मी तिला आमच्याच रुग्णालयात दाखल केलं. मी तिथलाच माणूस, म्हणून डॉ. मुळगुंद यांनी स्वतः लक्ष घातलं. टायफॉइड नाही, मलेरिया नाही, औषधं चालू आणि ताप तसाच. बुधवारी तिला धाप लागायला सुरुवात झाली. मी रजा घ्यायला हवी होती. पण ती म्हणाली, 'इथं बसून माझं तोंड बघून काय करणार? कामाला जा. पाच वाजता तांदळाची पातळ गंजी घेऊन या.' लायब्ररी तळमजल्यावर, ती तिसऱ्या मजल्यावर. पाच ते सहा भेटायची वेळ. मी पावणेपाचपासून घड्याळाकडं बघायचो, थर्मास टेबलाखाली ठेवलेला असायचा. चोवीस तारखेला सकाळी ती गेली. त्यानंतरचं तू पाहिलंस.

विहारात आईचं पुण्यानुमोदन झालं त्या दिवशी डॉ. मुळगुंद आले होते, मागच्या रांगेत चटईवर बसले होते, तुला आठवत असेल. जाताना त्यांनी माझे दोन्ही हात धरले आणि म्हणाले, 'नावू हुडुकिद्वी, रामचंद्र अवरे.' म्हणजे, आम्ही शोधलं होतं. मला वाटलं, माणसं सांत्वनाला जे बोलतात त्यातलंच हे एक. काय शोधलं, कुठं शोधलं, मी विचारलं नाही. नंतर तू बेंगळूरला दुसऱ्या डॉक्टरांना कागद दाखवलेस. नर्सच्या नोंदीत कमरेवर काळी खपली असं लिहिलेलं त्यांना दिसलं आणि त्यांनी स्क्रब टायफस हे नाव सांगितलं. झुडपातल्या बारीक किड्यापासून होणारा ताप, साध्या गोळ्यांनी उतरणारा. तू मला फोनवर हे सांगताना रडत होतीस आणि रागावली होतीस. एवढी साधी गोळी, अप्पा, आणि त्या माणसाला एक पुस्तक उघडता आलं नाही? मी हो म्हणालो. नोटिशीवर सही करा म्हणालीस, मी केली. डॉ. मुळगुंद यांच्याकडून दोन पानी उत्तर आलं, आपल्या माहितीप्रमाणे उपचार केले, एवढंच. तू म्हणालीस, बघा, बोलायला काही नाही त्यांच्याकडं.

आठ दिवसांपूर्वी, शनिवारी दुपारी लायब्ररी रिकामी झाल्यावर मी तुझ्या यादीचं काम घेतलं. आजाराचं नाव मुद्दाम टाइप केलं नाही. ते नाव तर आपल्याला नंतर कळलं. मंचात प्रश्न येईल की नाव माहीत नसताना डॉक्टरांना हे सापडलं असतं का. म्हणून नर्सच्या नोंदीतल्या खुणाच टाइप केल्या. ताप, काळी खपली, धाप. शून्य आलं. मग मनात आलं, वकिलांना शीर्षक आणि तारीख पुरते, पूर्ण लेख कशाला पाहिजे. तेव्हा ती चौकट आठवली. साडेतीन वर्षांत पहिल्यांदा मी टिक काढली आणि तेच शब्द परत विचारले. चौदा लेख आले. त्यातले तीन आई गेल्यानंतरचे, म्हणून तुझ्या यादीत अकरा. तिसरा लेख आपल्या दक्षिणेतलाच आहे. त्याचा पूर्ण मजकूर आमच्याकडं आजही उघडत नाही. पण वर चार ओळींचा सारांश आहे, त्यात सगळं आहे. पावसाळ्यानंतर येणारा ताप, कमरेला किंवा काखेत काळी कोरडी खपली, मग धाप, आणि गोळीचं नाव. चार ओळी वाचायला मला अर्धं मिनिट लागलं.

माया, मी लगेच प्रिंट काढायला हवा होता. पण माझे हात तसेच राहिले. ताप, काळी खपली, धाप. हे तीन शब्द याच क्रमानं मी पूर्वी कधीतरी टाइप केले होते. डोक्याला आठवत नव्हतं, बोटांना आठवत होतं. मी कपाटातून दोन हजार पाचच्या ऑक्टोबरचं बासन काढलं. महिना संपला की तारेवरच्या चिठ्ठ्या मी कापडात बांधून ठेवतो. वीस तारखेच्या, गुरुवारच्या, तेरा चिठ्ठ्या होत्या. अकरावी डॉ. मुळगुंद यांच्या अक्षरात होती. नऊ दिवस ताप, कमरेवर काळी खपली, धाप, या भागात असं कुठं आढळलं आहे का, तातडीचं. रोग्याचं नाव नाही. खाली माझ्या हातानं वेळ लिहिली आहे, चार चाळीस. त्यावर 'निल'चा शिक्का आणि माझी सही.

तिच्या कमरेवर खपली आहे हे मला तेव्हा माहीत नव्हतं. माहीत असतं तर, असं मी आठ दिवस स्वतःला सांगतो आहे. पण चार चाळीसला मी कशाच्या घाईत होतो ते मला पक्कं ठाऊक आहे. मला वर जायचं होतं, गंजी गार होत होती. प्रश्नाचे तुकडे पाडले नाहीत, दुसरी नावं लिहून काढली नाहीत, पोरांना जे शिकवतो त्यातलं काहीच केलं नाही. तीन शब्द टाइप केले, शून्य दिसलं, शिक्का मारला. पुढच्या दोन चिठ्ठ्याही तशाच उरकल्या आणि थर्मास घेऊन जिना चढलो. त्या दिवशी तिनं अर्धी वाटी गंजी घेतली. मला म्हणाली, आज लवकर आलात.

डॉ. मुळगुंद यांच्या फायलीत या चिठ्ठीचा दुसरा भाग असणार. ते ती मंचापुढं ठेवू शकले असते. मी विचारलं होतं, लायब्ररीनं नाही म्हणून लेखी दिलं, आणि देणारा तिचा नवराच आहे, एवढं त्यांनी लिहिलं असतं तर तुझा वकील काय बोलला असता? त्यांनी लिहिलं नाही. नोटीस गेल्यापासून लायब्ररीच्या दारात भेटले की आधी तेच नमस्कार करतात. मला वाटायचं, अपराधी वाटतं म्हणून करतात.

त्यांची काही चूक नाही असं मी म्हणत नाही. कागदावर 'निल' आलं तरी गोळी देऊन बघता आली नसती का, हे मला कळत नाही, ते वकिलांनी विचारावं. वीस तारखेला गोळी सुरू झाली असती तर ती वाचली असती का, तेही मला कळत नाही. सारांशात लिहिलं आहे की बहुतेकांचा ताप दोन दिवसांत उतरतो. मी ते वाक्य पुन्हा वाचलेलं नाही. सोमवारी सकाळी तिन्ही कॉम्प्युटरवरची टिक काढली. आता पोरं तक्रार करतात, सर, लेख उघडत नाहीत. उघडत नाही म्हणजे लेख नाही असं नाही, एवढंच त्यांना सांगतो आणि लेखकाला पत्र कसं लिहायचं ते दाखवतो. ग्रंथपालांना चिठ्ठीबद्दल अजून सांगितलेलं नाही. तुला आधी सांगायचं होतं. निवृत्तीला तीन वर्षं आहेत, ते काय ठरवतील ते ठरवोत.

खरं सांगतो, चिठ्ठी आठ दिवस मी घरी डब्यांच्या मागं लपवून ठेवली होती. नुसती यादी पाठवावी, तुला काही कळणार नाही, डॉक्टरही बोलणार नाहीत, असं माझ्या मनात आलं. आज सकाळी चहासाठी साखर शोधताना पुढचा डबा रिकामा निघाला. मागचा काढायला हात घातला तर चिठ्ठी हाताला लागली. म्हणून हे पत्र. यादीच्या खाली जो दुसरा कागद टाचला आहे तो तीच चिठ्ठी, अस्सल आहे, सही माझी आहे. सव्वीसला मी धारवाडला मंचात येईन आणि विचारलं तर जे इथं लिहिलं आहे तेच सांगेन. केस पुढं न्यायची की नाही, ते तू ठरव, मी तुला अडवणार नाही. पुढच्या रविवारी सहा वाजता मी फोनजवळ बसेन. तुला करावासा वाटला नाही तर तेही मी समजून घेईन. फक्त एवढं कर, यादी वकिलांना देशील तेव्हा चिठ्ठीही दे. दोन्ही एकाच टाचणीत आहेत, वेगळ्या करू नकोस.

तुझाच,
अप्पा